किल्ली ठेवून गेलात, कागद राहिला

परदेशात स्थायिक झालेल्या आणि पुण्यात फ्लॅट मागे ठेवलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातली एक सॅन होजेला, दुसरा दुबईला, तिसरा मेलबर्नला. फ्लॅट मात्र तिघांचेही कोथरूड-कर्वेनगरात, एकमेकांपासून दहा मिनिटांवर. त्यांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. खरं तर हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमच्यासारखे मालक आणि माझ्यासारखे किल्लीदार आता पुण्यात दर सोसायटीत दोन-चार सापडतात, म्हणून उघड लिहितेय.

गेल्या जुलैत एका रात्री पावणेअकराला फोन वाजला. सॅन होजेवालीच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला पाणी येत होतं. भाडेकरू लग्नाला नागपूरला गेलेला. मी घरच्या कपड्यांवरच रेनकोट चढवला, नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि किल्ली घेऊन पोचले. दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

"तुम्ही कोण?"

"मालकिणीची मैत्रीण."

"ते झालं हो. पण तुम्ही कोण?"

पाणी ठिबकत होतं, खालच्या काकू बादल्या बदलत होत्या, आणि मी जिन्यात उभी राहून स्वतःला तोच प्रश्न विचारत होते. भाडेकरू घरात नाही, मालकीण सातासमुद्रापार, आणि कुठल्या अधिकाराने मी दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडणार? शेवटी सॅन होजेला व्हिडिओ कॉल लावला, नागपूरला दुसरा, दोघांनी "उघडा, उघडा" म्हटलं, आणि मग आम्ही आत गेलो. फ्लश टँकचा व्हॉल्व्ह गेला होता. प्लंबरचे साडेसहाशे रुपये झाले.

"तुम्ही कोण?" हा प्रश्न मला सहा वर्षांत सोसायटीच्या ऑफिसात, पोलीस चौकीत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, महावितरणच्या खिडकीवर आणि एकदा चक्क पेस्ट कंट्रोलवाल्यानेही विचारला आहे. उत्तर कायद्यात आहे. ते देण्यासाठी लागणारा कागद मात्र तुमच्याकडून येतो, आणि तो तुम्ही पाठवत नाही.

आधी लायसन्सची गोष्ट संपवते, कारण ती शंका तुमच्यातलीच एक दर वर्षी काढते. "अगं, आमच्याकडे दुसऱ्याचं घर भाड्याने देऊन त्याबद्दल पैसे घ्यायचे तर ब्रोकरचं लायसन्स लागतं. तू अडकशील." कॅलिफोर्नियात हे खरं आहे. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी भाडेकरू शोधणं, भाडं गोळा करणं, हे तिथे परवान्याचं काम आहे. इथे तसं नाही. आपल्याकडे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा २०१६चा रेरा कायदा आहे, महारेराकडे एजंटांची नोंदणी आहे, आता त्यांना परीक्षाही द्यावी लागते. पण त्या कायद्यातली एजंटची व्याख्या प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटच्या विक्रीभोवती फिरते. मैत्रिणीचा जुना टू बीएचके भाड्याने देणारी मी त्या व्याख्येत बसत नाही. माझं पोट त्या धंद्यावर नाही, मी पाटी लावलेली नाही, दोन्ही बाजूंकडून महिन्या-महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेत नाही. तेव्हा लायसन्सची काळजी सोडा.

पण "लायसन्स लागत नाही" याचा अर्थ "काहीच लागत नाही" असा तुम्ही सोयीने लावून घेतलात, माझं भांडण तिथे आहे.

१८७२चा भारतीय करार कायदा दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि आपल्या मैत्रीबद्दल तो आपल्यापेक्षा स्वच्छ बोलतो. कलम १८५ म्हणतं की प्रतिनिधी नेमायला मोबदल्याची गरज नाही. म्हणजे मी एक पैसाही न घेता तुमचं काम केलं तरी कायद्याच्या डोळ्यांना मी तुमची एजंट आहे, आणि एजंटची सगळी ओझी माझ्यावर आहेत. तुम्ही मागाल तेव्हा हिशेब द्यायचा (कलम २१३). तुम्ही सांगितलंत त्याच रीतीने काम करायचं (कलम २११). तुमच्या नकळत स्वतःचा फायदा काढायचा नाही. हे सगळं मला मान्य आहे. चौतीस वर्षं बँकेत काढली आहेत, व्हाउचरशिवाय झोप येत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २२२ तुमच्याबद्दल बोलतं: प्रतिनिधीने दिलेल्या अधिकारात राहून कायदेशीर काम केलं आणि त्याला त्यातून तोशीस लागली, तर भरपाई मालकाने करायची. आता मला सांगा, "दिलेला अधिकार" कुठे लिहिलाय? व्हॉट्सॲपवर. "तू बघून घे गं, तुला कळतंच." एवढा.

तर पहिली मागणी कुलमुखत्यारपत्राची. पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणा, नुसतं "पॉवर" म्हणा, कचेरीत सगळे तेच म्हणतात.

ते कसं करायचं हे मी दुबईवाल्याच्या वेळी धक्के खाऊन शिकले. त्याने नेटवरून इंग्रजी नमुना उतरवला, छापला, सही ठोकली आणि कुरिअरने पाठवला. कचेरीतल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून परत दिला. नोंदणी कायद्याचं कलम ३३ सांगतं की परदेशात राहणाऱ्याने हा कागद तिथल्या नोटरीपुढे, न्यायालयापुढे किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे करायचा आणि त्यांनी तो साक्षांकित करायचा. घरी डायनिंग टेबलावर केलेली सही चालत नाही. दुसऱ्या खेपेला त्याने वकिलातीत वेळ घेतली, कागद रीतसर आला, पण आईच्या आजारपणात तो त्याच्या भावाच्या कपाटात चार महिने पडून राहिला. आणि परदेशात झालेल्या दस्ताला तो भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पुन्हा धावपळ. तिसऱ्या खेपेला माझं नाव चुकलं. आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं आहे. याने शाळेतलं माहेरचं नाव लिहिलं. भावना पोचल्या, दस्त पोचला नाही.

त्या कागदात काय हवं तेही सांगते. भाडेकरू निवडणं, लीव्ह अँड लायसन्सचा करार करणं, त्यावर सही करणं, तो नोंदणीला सादर करून कबुली देणं. सोसायटी, महानगरपालिका, महावितरण यांच्याशी पत्रव्यवहार. ठरलेल्या रकमेपर्यंत दुरुस्ती, आणि ती रक्कम आकड्यात. नोटीस देणं, वेळ आली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे घर खाली करून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करणं, वकील नेमणं. विकणं, गहाण टाकणं, बक्षीस देणं यातलं काहीही लिहू नका. "तुझ्यावर विश्वास आहे, सगळंच लिहून देतो" असं मेलबर्नवाला म्हणाला तेव्हा मला भरून वगैरे आलं नाही, भीती वाटली. उद्या त्याच्या मुलांना वाटायला नको की कोथरूडच्या मावशीने फ्लॅट ढापायची सोय करून ठेवली होती. जेवढं काम तेवढीच पॉवर. माझ्या संरक्षणासाठी, तुमच्या नव्हे.

आणि पॉवर दिली म्हणजे तुम्ही सुटलात असंही समजू नका. उद्या भाडेकरूशी कोर्टात गेलो तर मी जे स्वतः केलं तेवढंच मला साक्षीत सांगता येतं. तुमच्या मनातलं, तुमच्या स्वतःच्या माहितीतलं मी तुमच्या वतीने शपथेवर सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच ते स्पष्ट केलंय. तुम्ही भाडेकरूला परस्पर फोन करून "राहा हो अजून दोन महिने" म्हटलंत, तर त्याचा जाब देण्यासाठी तुम्हालाच उभं राहावं लागेल.

हे उदाहरण हवेतलं नाही. कोणी केलं होतं तेही तुमच्यापैकी एकाला ठाऊक आहे.

आता कराराकडे येते. "अकरा महिन्यांचा आहे ना, मग नोंदणी कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एखाद्या दिवशी ते दारावर तोरणासारखं लावीन. इतर बहुतेक राज्यांत वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नसते, तिथून हा अकरा महिन्यांचा ताईत आला. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. ती जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून बोचरी गोष्ट दुसरी आहे: करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. तो म्हणाला भाडं बारा हजार ठरलं होतं, तर ते बारा हजार नव्हतं हे तुम्ही दाखवा.

उलट बाजूला, नोंदलेला करार असेल तर कलम २४ तुमच्या पाठीशी आहे. मुदत संपली की त्याने घर सोडायचं. नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि राहील तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं. या एका कलमाच्या जोरावर आपल्या आईवडिलांच्या पिढीची भीती गेली. "भाड्याने दिलं की घर गेलं" म्हणून सदाशिव पेठेत वर्षानुवर्षं कुलपं लावून ठेवलेल्या खोल्या तुम्हीही पाहिल्यात.

आणि खर्च किती? तीस हजार भाडं, लाखाचं डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आणि ते एकूण भाड्यावर अधिक डिपॉझिटच्या दहा टक्के दराने धरलेल्या व्याजावर. येतात साधारण साडेआठशे रुपये. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी हजार. घरबसल्या करून देणारा एजंट त्याचे वरचे घेतो. एवढ्यासाठी सॅन होजेवालीने मला "ओळखीचाच मुलगा आहे, नको ते कागद" असं सांगितलं होतं. ओळखीचा मुलगा चांगलाच निघाला, हे कबूल करते. पण त्याची कंपनी त्याला घरभाडं देत होती आणि त्यांना नोंदलेलाच करार हवा होता. शेवटी त्यानेच माझ्यामागे भुणभुण लावून तो करून घेतला. मालकापेक्षा भाडेकरू शहाणा.

ऑनलाइन नोंदणीला आधार आणि अंगठा लागतो. तुम्ही इथे असताना, म्हणजे डिसेंबरात येता तेव्हा, एक दिवस लग्नांमधून आणि तुळशीबागेतून काढून करार उरकला तर पॉवरशिवायही निभावतं. पण करार संपतात मेमध्ये आणि तुम्ही येता डिसेंबरात. शिवाय ज्यांनी पासपोर्ट बदलले त्यांच्याकडे आधारच नाही. त्यांनी हा परिच्छेद सोडून वरचे पॉवरचे पुन्हा वाचावेत.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे, मी करते. भाडेकरू परदेशी विद्यार्थी असेल तर चोवीस तासांत त्याच्या माहितीचा वेगळा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरावा लागतो, तोही मी भरते. पण फॉर्मवर मालकाचा पत्ता विचारतात, तेव्हा तुमचा खरा, आत्ताचा पत्ता लिहू द्या. यावरून आपण पैशांकडे येतो. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे, आणि थोडा स्वतःचाही.

पहिल्या वर्षी मेलबर्नवाल्याचं भाडं मी माझ्या बचत खात्यात घेतलं. तो म्हणाला, "तुझ्याकडेच राहू दे, मेंटेनन्स भर, उरेल ते मी आलो की घेईन." मी घेतलं. आयुष्यभर लोकांना खात्याचे नियम समजावले, आणि स्वतःच्या पासबुकात दुसऱ्याचं उत्पन्न जमा करत बसले! अनिवासी झालेल्या माणसाने इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायचं असतं आणि इथलं भाडं त्या खात्यात जायला हवं. माझ्या खात्यात आलं तर माझ्या विवरणपत्राच्या वेळी "हे कुठलं?" हा प्रश्न, आणि त्याच्यापुढे जाऊन दुसराही. ज्याच्यामार्फत अनिवासी माणसाला भारतातलं उत्पन्न मिळतं, त्याला करखातं, त्याचं म्हणणं ऐकून घेऊन, त्या अनिवासी माणसाचा एजंट ठरवू शकतं आणि कर त्याच्याकडून वसूल करू शकतं. "तुम्ही कोण?" या प्रश्नाचं हे मला न आवडणारं उत्तर आहे. हे वाचनात आलं त्याच आठवड्यात मी त्याचे पैसे शेवटच्या रुपयापर्यंत हिशेबासकट परत केले, आणि त्याने पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरला. असो. नंतर बोलला.

दुसरं, टीडीएस. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाडं देताना कर कापायचा आहे. सगळे त्याला अजून "वन नाइंटी फाइव्ह" म्हणतात. जुन्या १९६१च्या कायद्यातल्या कलमाचा तो आकडा. इथे राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत महिन्याला पन्नास हजारांची जी मर्यादा आहे ती तुम्हाला नाही. पहिल्या रुपयापासून कपात, तीस टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तीस हजारांतले ९,३६० सरकारजमा, तुमच्या हाती २०,६४०. भाडेकरूला त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो, दर तिमाहीला विवरण भरावं लागतं, तुम्हाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याने नाही कापला तर खातं त्याला धरतं.

साहजिकच बरेच भाडेकरू हे ऐकून पळतात. आणि साहजिकच तुमच्यातले दोघे मला म्हणाले, "करारात माझा पुण्याचा जुना पत्ता टाक ना. कोणाला कळतंय?"

मला कळतंय. त्या करारावर सही मी करायची आहे. आणि न कापलेल्या कराची नोटीस येणार त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला, जो हिंजवडीला दोन तास प्रवास करतो आणि ज्याला टॅन म्हणजे काय हेही माहीत नाही. तुमचे नऊ हजार वाचावेत म्हणून त्याला अंधारात ठेवायचं हे माझ्याच्याने होणार नाही. यापुढे करारात तुमचा परदेशातला पत्ता जाईल, तुम्ही अनिवासी आहात हे स्पष्ट लिहिलं जाईल आणि टीडीएसची अट मी भाडेकरूला सही करण्यापूर्वी मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवीन. यात तुमचं फार जात नाही हेही ऐका. वर्षाला ३,६०,००० भाडं. घरपट्टी वजा करा, मग दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजा करा, करपात्र राहतात अडीच लाखांच्या घरात. तुमचं भारतातलं उत्पन्न एवढंच असेल, तर २०२५-२६पासून नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे वर्षभरात कापले गेलेले १,१२,३२० रुपये विवरणपत्र भरलं की परत. किंवा आधीच खात्याकडे अर्ज करून कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आणा. दोन्हीला तुमचं पॅन, तुमचं लॉगिन आणि तुमचा सीए लागतो. त्यातलं काहीच माझ्या किल्लीने उघडत नाही.

घरपट्टीवरून आठवलं. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत चाळीस टक्के सवलत आहे. तुम्ही राहत नाही. त्या फॉर्मवर "स्वतः राहते" असं लिहून सही करायला मला परत सांगू नका.

सोसायट्यांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र होईल. तरी दोन गोष्टी. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. सरकारचा १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे. तुमच्यातल्या एकीच्या सोसायटीने तीन वर्षं महिना पंधराशे घेतले. मी आदेशाची प्रत घेऊन गेले तर चेअरमन काय म्हणाले असतील? "तुम्ही कोण?" सभासद तुम्ही आहात, तक्रार तुमच्या सहीने किंवा तुमच्या लेखी अधिकाराने जायला हवी. मी फाइल तयार करून ठेवली आहे, गेली दोन वर्षं ती तुमच्या एका ईमेलची वाट पाहतेय.

वार्षिक सभेला तर मी जाऊच शकत नाही. तिथे पॉवरवाल्याला प्रवेश नाही, मुखत्यार नाही, प्रतिनिधी नाही. मेलबर्नवाल्याच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा होती म्हणून मी गेले होते. मला अत्यंत आदराने बाहेर क्लबहाउसच्या पायरीवर बसवलं आणि वेफर्स-बर्फीची बशी आणून दिली. आतून आवाज येत होते, कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, आणि मी बर्फी खात होते. पुनर्विकासाच्या सभेला तुम्ही स्वतः या. ऑनलाइन सोय असली तर पहाटे उठून बसा. वीस वर्षांनी मिळणाऱ्या घराचा प्रश्न आहे, माझ्या बर्फीचा नाही.

आता पैशांचं म्हणाल तर, मी काही घेत नाही आणि घेणार नाही. घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, घेतले तर ते माझं उत्पन्न धरून मी त्यावर कर भरायचा, एवढंच. पण मग "अगं, एवढं घेतेस तर जरा पडदेही धुऊन घे" सुरू होईल, हे मी तुम्हा सगळ्यांना शाळेपासून ओळखते म्हणून सांगते. तुम्ही आणता ते बदाम आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या पुरेत. (बाटल्या कमी आणा. आम्ही दोघंच आहोत.) खर्चासाठी मात्र प्रत्येकाने वीस हजार आगाऊ ठेवायचे. फ्लश टँकचे साडेसहाशे मी दिले ते मला डिसेंबरात मिळाले, तेही "किती होते गं?" असं विचारून. दर तिमाहीला मी पावत्यांसकट हिशेब पाठवीन. तो उघडून बघा. निळ्या टिका दिसतात मला.

शेवटची गोष्ट लिहायची की नाही हे ठरत नव्हतं.

या खिळ्यावर आधी चार किल्ल्या होत्या. चौथा आपल्यातून गेला, तीन वर्षांपूर्वी, झोपेत. त्याच्या पत्नीचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच फ्लॅटमध्ये रंगाऱ्याबरोबर होते. त्या दुपारी मला कळलं नव्हतं, पण तो गेला त्याच क्षणी त्याने दिलेली पॉवर संपली होती. करार कायद्याचं कलम २०१: मालक गेला, प्रतिनिधीचा अधिकार गेला. नंतर दोन महिने मी नेहमीप्रमाणे चालू ठेवलं. भाडेकरूशी बोलत होते, दुरुस्त्या करवून घेत होते, सोसायटीला पत्रं लिहीत होते, आणि प्रत्येक पत्राखाली "यांच्या वतीने" असं लिहून सही करत होते. ज्याच्या वतीने, तो नव्हता. मग एका वकीलबाईंनी सावध केलं. त्यांनीच कलम २०९ वाचून दाखवलं: मालक गेल्यावर, त्याच्या वारसांसाठी, सोपवलेल्या गोष्टीची राखण करायला लागेल ते सगळं वाजवी ते प्रतिनिधीने करायचं. नवीन करार करता येणार नाही, पण गळका नळ बांधायलाच हवा. मी तेवढंच केलं. वारसांचे कागद पुरे व्हायला चौदा महिने लागले, मग मुलाने येऊन किल्ली नेली. त्याच्या हातात ठेवली तेव्हा तिला अजून त्याच्या बापाच्या जुन्या बजाजची कीचेन होती.

तेव्हा पॉवरबरोबर अजून एक कागद पाठवा: तुम्ही नसाल तर मी कोणाला फोन करायचा, त्यांचं नाव, नंबर, नातं. सोसायटीत नामनिर्देशन केलंय का ते कळवा. इच्छापत्र कुठे आहे हे मला सांगू नका, पण घरातल्या कोणाला तरी सांगा.

आत्ताचे करार ३१ मेला संपतायत. एक फेब्रुवारीपर्यंत तिघांचे कागद आले तर मी नव्या करारांना लागते. नाही आले, तर ३१ मेला भाडेकरूंकडून ताबा घेऊन घरं झाडून बंद करीन, मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद करीन, आणि तुम्ही येईपर्यंत महिन्यातून एकदा खिडक्या उघडून वारं खेळवीन. मैत्रिणीला तेवढं करता येतं, त्याला पॉवर लागत नाही.

वकिलातीची वेळ ऑनलाइन मिळते. दोन साक्षीदार, दोन फोटो, पासपोर्ट बरोबर न्या. आणि माझं नाव आधारवर आहे तसंच लिहा. खाली फोटो पाठवलाय, त्यात बघून एकेक अक्षर लावा. शाळेतलं नाव नको.

तुमची,
कोथरूडची किल्लीवाली